वटार श्रवण मंडळाचा विडा

दुःखाची टंचाई कोणत्याही राज्यात पडत नाही. पडते ती ऐकणाऱ्यांची. लढाई संपल्यावर वसईजवळच्या वटार गावात साखर, रॉकेल आणि ऐकणारा माणूस या तीन वस्तू मिळेनाशा झाल्या. पहिल्या दोन सरकारने रेशनवर दिल्या. तिसरीची सोय गावानेच करायची ठरवली आणि सन १९४८च्या मार्चात 'वटार श्रवण मंडळ' स्थापन झाले. जागा, पानांच्या करंड्या भरायची पडवी. वेळ, मंगळवारी आणि शनिवारी चार ते सहा. (अन्य वेळी दुःख झाल्यास ते पुढच्या बैठकीपर्यंत जपून ठेवावे, अशी विनंती फळ्यावर लिहिली होती.)

मंडळाची सर्वांत जास्त निकड गॅब्रिएलला होती. त्याची बायको मटिल्डा नाताळानंतर पंधरा दिवसांनी गेली. तेव्हापासून त्याच्या केळीला पाणी नव्हते, चुलीला विस्तव नव्हता, आणि तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसे. पाणी किती उतरले ते बघत असेल, असे शेजारी म्हणत. तो खोली बघत होता. मटिल्डाच्या शेवटच्या दिवसाची एक गोष्ट त्याच्या घशात अडकली होती. फादरकडे तो जाऊन आला. पण ती गोष्ट पाप की नुसते दुःख, हे त्याला ठरवता येईना, आणि चर्चमध्ये सोय होती ती पापाची.

पहिल्याच मंगळवारी तो पडवीत गेला. ऐकायला आनंदीबाई होत्या.

"काकी, त्या दिवशी मटिल्डाला दुपारपासून धाप लागलेली. मी रहाटावर..."

"अडुळसा दिलास का?"

"नाही. मी रहाटावर होतो, तर..."

"तिथंच चुकलास. अडुळसा नि सुंठ. माझ्या सासूला दिला, तर म्हातारी पुढं अकरा वर्षं आम्हाला शिव्या द्यायला जगली."

सासूचे दुःख पावणेसहापर्यंत चालले. गॅब्रिएलने ते शेवटपर्यंत ऐकले. (वहीत त्या दिवशी 'एक दुःख ऐकले' अशी नोंद आहे, आणि ती खोटी नाही.)

महिनाअखेर मंडळाचे चिटणीस हरिश्चंद्र मास्तर यांनी अहवाल वाचला. एकूण दुःखे एकेचाळीस. पैकी सदतीस पहिल्या पाच वाक्यांतच ऐकणाऱ्याच्या नावे वर्ग झाली. तिघांना काढा सांगण्यात आला. एक दुःख पूर्ण ऐकले गेले, कारण ऐकणारा झोपला होता. तेव्हा मास्तरांनी नियम काढला: ऐकणाऱ्याने आधी तोंडात भरगच्च विडा धरावा. पानांचे गाव, विड्याला तोटा नव्हता. थुंकायची जागा दहा पावलांवर नेण्यात आली. (सूचना बहुमताने मंजूर, विरोधी सभासदांच्या तोंडात विडा असल्याने विरोध नोंदवता आला नाही.)

गॅब्रिएल पुन्हा आला. या खेपेस विड्यामागे जगन्नाथ होता. दोघांच्या वाड्यांना विहीर एकच, रहाट एकच. पाण्याची पाळी वाटून घेतलेली, आणि वाटल्या दिवसापासून भांडणात असलेली.

"तो शुक्रवार होता," गॅब्रिएल म्हणाला. "पाळी माझी होती..."

जगन्नाथ उठला, दहा पावले गेला, थुंकला आणि परत आला.

"शुक्रवार तुझा कधीपासून? माझ्या आजाच्या वेळेपासून शुक्रवार आमचा."

शुक्रवार कोणाचा, यात सहा वाजले. तरी उत्तर दहा पावले उशिरा आले, ही मंडळाची प्रगतीच होय.

शनिवारी गॅब्रिएल शेवटचे म्हणून गेला. पुढे मंडळाकडे यायचे नाही, विहिरीकडेच जायचे, असे त्याने मनाशी धरले होते. समोर पुन्हा जगन्नाथच. विडा लावायला त्या दिवशी कोणी नव्हते, म्हणून मास्तरांनी स्वतः लावला. मास्तर पान खात नसत. चुना त्यांनी फळ्याला खडू लावावा त्या हाताने लावला.

जगन्नाथाने विडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि जागच्या जागी बसून राहिला. जीभ हलेना, पाय उचलेना.

"धाप लागली होती तिला," गॅब्रिएल म्हणाला. "म्हणाली, जरा बस माझ्यापाशी. मी म्हटलं, पाळी संपली की येतो. चार वाफे राहिले होते. उठलो असतो तर तू बैल जुंपला असतास, जगन्नाथ. म्हणून नाही उठलो. चार वाफे भिजवून घरी गेलो, तर ती नव्हती."

गॅब्रिएलने वर पाहिले. जगन्नाथाच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"रडू नको रे," गॅब्रिएल म्हणाला. "तुझ्यावर राग नाही माझा."

त्या पाण्यात चुन्याचे किती आणि दुसऱ्या कशाचे किती, याची फोड अहवालात नाही. सोमवारी गॅब्रिएलची चूल पेटली. शुक्रवारी त्याने बैल जुंपला, आणि जगन्नाथ विहिरीकडे फिरकला नाही. जीभ सोलली आहे, असे त्याने कारण कळवले. (रहाट जिभेने ओढत नाहीत.)

मंडळाने या यशाचा अभ्यास करून चुन्याचे तेच माप सर्वांना सक्तीचे केले. पुढच्या मंगळवारी नऊपैकी सात सभासदांनी राजीनामे दिले. उरलेले दोघे आपापले दुःख सांगायला आले होते. मंडळ मोडले.

वाचकांनी आनंदीबाईंना खुशाल हसावे. फक्त हे वाचताना 'आमच्याकडेही असंच झालं होतं' असे म्हणायला आपले तोंड कितव्या ओळीला उघडले, ते आठवून पाहावे. चुना वसईच्या बाजारात अजून मिळतो.