गादीवरचा पहिला धडा

"तुमच्या नातीला वाटतं, तुम्ही मुके आहात," फोन ठेवता ठेवता बायको म्हणाली, आणि गादीवाल्यांच्या हातातला दाभण कापसात बुडाला तो बुडालाच.

मुके! आणि गादीवाले? उशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या बोलण्यात सापडलं की डबल गादी खांद्यावर घेऊनच दुकानाबाहेर पडायचं. पण लेक दिली परदेशात, जावई स्पॅनिश बोलणारा, आणि चार वर्षांची नात चिंगी, तीही फक्त स्पॅनिश बोलणारी. ती फोनवर दिसली की गादीवाले नुसते हसायचे आणि मान डोलवायचे. पोरीने आपला अर्थ लावला, त्यात तिची काय चूक?

"पंधरा दिवसांनी येतायत ना त्या दोघी," बायको म्हणाली. "चिंगीने म्हणे चित्रांची वही केलीय. आजोबांना बोलता येत नाही, तर चित्रावर बोट ठेवून सांगतील म्हणते."

गादीवाल्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि जाहीर केलं, "पंधरा दिवसांत स्पॅनिश शिकतो! भाषा म्हणजे काय, कापूस. पिंजला की फुलतो."

लेकीने स्वतःच्या आवाजात चाळीस धडे फोनवर पाठवले. पहिला धडा असा होता: "बाबा, पहिला शब्द सुएन्यो. चिंगी दिवसभर हाच म्हणत असते. सुएन्यो म्हणजे झोप. डोळ्यांवर पेंग आली, तरी सुएन्यो. आणि झोपेत पडतं ते स्वप्न, तेही सुएन्योच."

"एका शब्दात तीन कामं!" गादीवाले खूश झाले. "आपल्या गादीच्या वळणावर गेलाय गं हा शब्द."

आता दुकानाचा एक नियम होता. तयार गादी गिऱ्हाइकाला देण्याआधी गादीवाले स्वतः तिच्यावर अर्धा तास आडवे व्हायचे. कुठे गाठ टोचली तर टाके उसवून पुन्हा घालायचे. वडिलांनी घालून दिलेला नियम, मोडायची सोय नाही. तेवढा वेळ फुकट का घालवा, म्हणून त्यांनी धडे त्याच वेळी ऐकायचं ठरवलं. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

दुपारची वेळ, दारातून येणारं ऊन, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, पाठीखाली नवी गादी आणि कानात लेकीचा मऊ आवाज. सुएन्यो म्हणजे झोप. गादीवाल्यांनी मान हलवली. सुएन्यो म्हणजे पेंग. पापण्या जड झाल्या. स्वप्नापर्यंत आवाज पोचला तेव्हा गादीवाले आधीच तिथे पोचलेले होते. फोन मात्र इमानदारीत चाळीसही धडे वाजवून गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्धं काम टाकून पुढे जायचं नाही, हाही वडिलांचाच नियम. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. अर्ध्या तासाची तपासणी दोन-दोन तास चालू लागली आणि गाद्यांची चळत छताला टेकली.

"मी बसते शेजारी. डोळा लागला की चिमटा काढते," बायको म्हणाली. ती गादीच्या कडेला बसली. पेंगेच्या अर्थाला ती कलंडली.

आठव्या दिवशी शाळेतल्या बाई तणतणत आल्या. "कधीची गादी सांगितलीय मी! घरी चटईवर झोपतेय!"

"बसा हो बाई, तुमचीच गादी तपासतोय. एवढा एक शब्द होऊ द्या."

बाई बसल्या. ज्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, त्या बाई त्या दिवशी घोरल्या. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या. "गादी नीट होतेय ना, बघायला आले," म्हणाल्या आणि चपला काढून सरळ आडव्या झाल्या.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. गाडी चारला. गादीवाल्यांच्या गाठीशी पंधरा दिवसांत शब्द किती? एक. "दोनच वाजलेत," ते बायकोला म्हणाले. "एकदाच ऐकतो. आज काही झालं तरी दुसऱ्या शब्दापर्यंत जातोच."

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. शेजारी मांडी घालून चिंगी बसली होती, गालात हसत. चित्रांची वही मिटलेली. दारात बॅगांवर लेक बसलेली, तोंडाचा आ वासून.

"अगं, स्टेशनवर यायचं राहिलं!" गादीवाले धडपडत उठले.

"ते जाऊ द्या हो बाबा! इतकं कधी शिकलात? अर्धा तास बोलताय तिच्याशी! झोपेत! फाडफाड स्पॅनिश!"

"मी?" गादीवाल्यांनी छातीला हात लावला. "काय बोललो?"

"तिने विचारलं, तुम्ही मुके ना? तर म्हणालात, छे, मी तुझी वाट बघत होतो. बाहुलीला गादी कबूल केलीत. आणि आजी घोरते, तेही सांगितलंत."

"कोण घोरतं?" गादीच्या कडेला कलंडलेली बायको ताडकन उठून बसली. "त्या बाई घोरतात!"

पलीकडच्या गादीवर शाळेतल्या बाईंनी झोपेतच कूस बदलली.

चिंगी पुढच्या वाक्याची वाट बघत होती. गादीवाल्यांनी छताकडे पाहिलं, डोकं खाजवलं, सगळं बळ एकवटलं. "सुएन्यो," ते म्हणाले. आणखी काही येईना. चाळीस धडे आत कुठेतरी होते, पण जागेपणी हाताला लागत नव्हते. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

चिंगीने डॉक्टरासारखी मान हलवली. तिने चित्रांची वही त्यांच्या उशाला ठेवली, छातीला दोन्ही हात लावून त्यांना आडवं केलं आणि थोपटायला लागली.

गादीवाल्यांनी डोळे मिटले. पण आनंदाने झोप येते का कुठे? चिंगी त्यांच्या कानाशी वाकली आणि सांगत सुटली. एक अक्षर कळेना. गिऱ्हाइकाचं वाक्य आयुष्यात कधी पुरं होऊ न दिलेला हा माणूस ऐकत राहिला, ऐकतच राहिला.

बायकोने बराच वेळ निरखून पाहिलं आणि खाली वाकून कुजबुजली, "अहो, जागे आहात ना?"

गादीवाल्यांनी एक डोळा किलकिला केला.

"शू! मधे बोलू नकोस. मी झोपलोय."