राठोडमामांची वाटी

हिंगोलीत ओळखीचं कुणी घर किंवा प्लॉट बघायला निघालं की आमच्या समोर राहणारे राठोडमामा पिशवीत झाकणाची एक रिकामी वाटी टाकून बरोबर निघायचे. दिवेलागणीच्या जरा आधी त्या अनोळखी वस्तीत शिरायचं, चार-पाच दारं वाजवायची आणि प्रत्येक दारात एकच मागणी करायची. "दूध तापवून ठेवलं हाय ताई, चमचाभर विरजण मिळंल का?"

दूध कुठंच तापवलेलं नसे. मामा एसटीतून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. दह्यानं घसा धरतो म्हणून ते दह्याला बोटही लावत नसत.

हिंगोली जिल्हा झाला, बदलून आलेल्या नोकरदारांची रीघ लागली आणि मामांना उसंत मिळेना. लोक नळाचं, सडकेचं विचारायचे. मामा हात झटकायचे. "नळ नगरपालिका देती. सडक बी देती, आज ना उद्या. विरजण न्हाई देत ती."

नाही म्हणणारी बाई लगेच नापास व्हायची असं नाही. दिवे लागल्यावर दही घराबाहेर देत नाहीत, हे मामांना मंजूर होतं. "आता न्हाई, सकाळी या" म्हणणारीला ते अर्धे मार्क द्यायचे. तुमी कोण, कुठले, काहून आले, अशी चौकशी सुरू झाली की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. आणि एखादी बाई पदराला हात पुसत "किती दुधाला पायजे?" म्हणाली की वस्ती पहिल्या नंबरात पास. "तिला माझ्या दुधाची काळजी पडली," मामा सांगायचे. "अजून काय लागतं माणसाला?"

माझा साडू कुरुंद्याहून प्लॉट बघायला आला तेव्हा टेप आणि नकाशा घेऊन आला होता. मामांनी त्याला कोपऱ्यावर मोटरसायकलीवरच बसवून ठेवलं. पहिल्याच दारातल्या बाईनं मामांना ओळखलं. कुणाच्या तरी घरासाठी ते आधी तिथं येऊन गेले होते. "मामा, तुमचं दूध तवापासून तापूनच राहिलं का?" म्हणाली. मामा जराही वरमले नाहीत. परत येऊन साडूला म्हणाले, "घ्या प्लॉट. चिडवती, पण चमचा शिगोशीग भरती."

वाटीत जमलेलं विरजण संध्याकाळी आमच्या घरी यायचं. सकाळी निर्मला, म्हणजे माझी बायको, दह्याचं भांडं तिरपं करून दाखवायची. दही हलत नसे.

इथपर्यंतचं मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये खूप वेळा रंगवून सांगितलं आहे. पुढचं कधी सांगितलं नाही.

समोरची खोली घेण्याआधी मामांनी आमची गल्लीही तपासली होती. निर्मलानं वाटी हातात घेतली होती. तिनं सहज नाव विचारलं, त्यांनी सांगितलं : हिरामण राठोड, पुसेगावकडच्या तांड्यावरचा. मी आत जेवत होतो. तांड्यावरचं माणूस आपल्या गल्लीत कशाला, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी आतून ओरडलो, "विरजण नाही म्हणून सांग." दही माझ्या ताटात होतं.

आठ दिवसांनी मामा सामान घेऊन समोर राहायला आले. त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण ते वाटी घेऊन दारात आले की मी पेपर तोंडासमोर धरायचो.

पुढं मुलं मोठी झाली, दोन खोल्या पुरेनात. रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या नव्या कॉलनीत प्लॉट निघाले होते. मी मामांना तपासायला सांगितलं. ते जाऊन आले, वाटी निर्मलाकडे दिली आणि म्हणाले, "न्हाई सर. नापास वस्ती." मी दुसरी कॉलनी सांगितली, तीही नापास झाली.

त्या संक्रांतीला निर्मला हळदीकुंकवासाठी पहिल्या कॉलनीत गेली आणि हसत परत आली. तिथल्या एका बाईनं विचारलं होतं, तुमी कधी येताय राहायला? तुमचे मामा बसले होते की आमच्याकडं. सर किती गुणी, लेकरं किती हुशार, सांगत होते. तिनं त्यांची वाटी गच्च भरून दिली होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन्ही वेळा नापास वस्तीतून मामांची वाटी भरूनच आली होती. त्या विरजणाचं दही आम्ही खाल्लं होतं.

निर्मलानं घरातली एक रिकामी वाटी माझ्या हातात दिली. मी ती घेऊन गल्ली ओलांडली. मामा दारातच बसले होते. माझ्या हातातल्या वाटीकडं बघून त्यांना सगळं समजलं असावं. मी दुसरंच विचारलं.

"मामा, आमची गल्ली तुमी तपासली होती. पास होती का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "तुमचा आवाज बराबर आला व्हता, सर."

"मग राहिलात काहून?"

"ताईनं न्हाई म्हणलं, पण दार लावलं न्हाई. मी कोपऱ्यावर जाईपरेंत हुब्या व्हत्या. म्हणलं, टाइम लागंल, पण इथं जमंल."

चुकलो, मामा, असं मी म्हणालो. इतक्या हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही. मग सांगितलं की त्या कॉलनीत घर बांधायचं ठरलंय, आणि रस्त्याकडच्या बाजूला एक खोली वेगळ्या दाराची काढायची आहे. तुमच्यासाठी. ती वस्ती नापास असेल तर मात्र राहू द्या.

मामा पायरीचा पोपडा नखानं काढत राहिले. "एकदा परत जाऊन बघावं लागंल," म्हणाले. "परीक्षकाची बी चूक होती कधी कधी."

मी वाटी पुढं केली. "तोवर चमचाभर विरजण द्या. दूध तापवून ठेवलंय."

इतक्या वर्षांत त्यांच्या दारात विरजण मागायला कुणी गेलं नसेल. घरात दह्याचा थेंब नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मामा उठले, धोतराला हात पुसले, वाटी दोन्ही हातांत घेतली.

"किती दुधाला पायजे?" त्यांनी विचारलं.