सफोकच्या मेंढीला कळवतो

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या ऑक्टोबरात श्यामकांत खांबेटे यांना घरमालकाकडून दोन प्रतींत लेखी नोटीस मिळाली, की ते राहतात ती तळमजल्यावरची खोली एक नोव्हेंबरपासून मेंढ्यांना लागणार आहे. पोच म्हणून एका प्रतीवर सही करून द्यावी.

श्यामकांतनं सही केली. जर्मनीत दोन वर्षं काढलेला माणूस आधी सही करतो, मग वाचतो. गार्चिंग हे म्युनिकजवळचं बटाट्याच्या शेतांचं गाव. पण वर्षापूर्वी तिथं अणुभट्टी उभी राहिली आणि गावातली एकूण एक खोली शास्त्रज्ञांनी धरली. श्यामकांतला मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता. खोली गेली तर प्रबंध गेला, आणि प्रबंध गेला तर पुण्याला जाऊन मालिनीकाकूला तोंड काय दाखवायचं?

घरमालक हेर ओबरमायर माणूस वाईट नव्हता. युद्धात पकडला गेला, इंग्लंडातल्या सफोक परगण्यात तीन वर्षं कैदी म्हणून मेंढ्या राखल्या, आणि परत आला तो सफोकमय होऊनच. फाटकावर पाटी ‘हाउस सफोक’. फाटकाची कडी सफोक पद्धतीची. गाडीचा घोडा सफोक जातीचा, तांबूस आणि ढेरपोट्या. आणि पांढऱ्या अंगाच्या, काळ्या तोंडाच्या तीन मेंढ्या: डचेस ऑफ सफोक पहिली, दुसरी आणि तिसरी. खुद्द इंग्लंडात सफोकची ड्यूकशाही चारशे वर्षांपूर्वीच मोडीत निघालेली. जर्मनीनं तर आपल्याही सरदारांचा मान १९१९ साली काढून घेतला. एवढी उलथापालथ पचवून ती पदवी ओबरमायरच्या गोठ्यात निवांत रवंथ करत होती.

“तिघी गाभण आहेत, हेर खांबेटे,” ओबरमायर म्हणाला. “गोठ्यात ओल. तुमच्या खोलीत शेगडी आहे.”

“अहो, पण मी कुठं जाऊ?”

“आल्झो, म्हणजे गोठा रिकामा होतोय की. फक्त ओल तेवढी आहे.”

रविवारी श्यामकांत म्युनिकला आपल्या पुण्याच्या मित्राकडे, श्रीपादकडे गेला. श्रीपाद शिकत होता यंत्रं, पण त्याचा जीव कायद्यात. नोटिशीवर ‘सफोक मेंढीपालक फेराइन, गार्चिंग’चा शिक्का बघून त्यानं त्या मंडळाची घटना मागवली. चौसष्ट कलमं होती. श्रीपाद सतराव्यावर थांबला आणि त्यानं मांडीवर थाप मारली.

“श्याम्या, वाचलास! ‘पंच आणि स्पर्धक मेंढी एका छपराखाली राहता कामा नये.’ पंचाची मुदत एक वर्ष. तू पंच हो, मेंढी तुझ्या खोलीत पाऊल टाकणार नाही!”

“अरे, मला मेंढीतलं काय कळतं?”

“मंडळाचा पंच आहेस, मेंढीचा डॉक्टर नाहीस. पुण्यात कुठल्या परीक्षकाला काय कळतं?”

पंचाच्या पात्रतेची अट एकच होती: उमेदवार इंग्रज असावा, अथवा इंग्रजांशी त्याचा दीर्घ संबंध आलेला असावा. श्यामकांतनं पुणे नगरपालिकेचा, इंग्रजी अमलातला जन्मदाखला पुढे ठेवला. मंडळाच्या समितीनं तो अकरा मिनिटं फिरवून फिरवून पाहिला.

“इंग्रजांनी तुमच्यावर किती वर्षं राज्य केलं?”

“दीडशे तरी.”

“आमच्या ओबरमायरवर तीनच. मग तुमचा अनुभव पन्नास पट.”

“पण खरं सांगतो,” श्यामकांत चाचरत म्हणाला, “आमच्या घरात मटण शिजत नाही.”

समितीत आनंदाची लाट उसळली. गेल्या वर्षीचे पंच विजेत्या मेंढीकडे फार भुकेल्या नजरेनं बघत होते, अशी लेखी तक्रार दप्तरी होती. नेमणूक एकमतानं झाली. ओबरमायरनं नियमाप्रमाणे नोटीस मागे घेतली आणि पोच म्हणून सही मागितली.

ऑक्टोबरातल्या तिसऱ्या रविवारी, गावच्या खाणावळीमागच्या अंगणात एकतीस मेंढ्या ओळीत उभ्या राहिल्या. श्यामकांत प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून पहिल्या मेंढीपुढे आला, आणि त्याची मती गुंग झाली. मेंढीत बघायचं काय? आयुष्यात त्यानं पारख अशी एकदाच केली होती. जर्मनीला निघण्यापूर्वी महिनाभरात मालिनीकाकूनं त्याला नऊ मुली दाखवल्या होत्या. काकू प्रश्न विचारायच्या, तो पोहे खायचा. ते प्रश्न मात्र तोंडपाठ झाले होते.

त्यानं घसा साफ केला. “जरा चालवून दाखवा.”

मेंढी चालली. अंगणभर कुजबुज झाली.

“आजोळ कुठलं?”

“इप्सविच!” मालक छाती काढून म्हणाला.

“पाठच्या बहिणी किती? सगळ्यांचं झालं?”

“दोघींची वीण झाली, एक राहिलीय.”

“विणकाम?”

“लोकर स्वतःची देते!”

“काही म्हणून दाखवेल?”

मेंढी लांबलचक ‘बें’ म्हणाली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सचिव भराभरा लिहून घेत होता. चाल, आजोळ, बहिणी, गळा! बर्लिनपासून व्हिएन्नापर्यंत मेंढीचा असा चौफेर विचार कोणी केला नव्हता. “गेनाऊ! अगदी बरोबर!” ओबरमायर दर प्रश्नाला मान डोलवत होता.

अठराव्या क्रमांकाला फ्राउ लेखनर नावाची शेतकरीण आपली रोझा घेऊन उभी होती. रोझा चालली, गायली, आजोळही सांगून झालं. श्यामकांतला काही सुचेना. काकू अशा वेळी जे म्हणायच्या तेच तो म्हणाला.

“ठीक आहे. कळवतो.”

आणि पुढे सरकला. पण मागून कोणीतरी त्याचा कोट धरला.

“कधी?” फ्राउ लेखनर म्हणाली.

“अं?”

“कळवतो म्हणालात. कधी? कलम बावीस. नापसंत मेंढीला चौदा दिवसांत लेखी कारण, पंचाच्या सहीनिशी. माझी रोझा काय रस्त्यावर पडलीय?”

श्यामकांतनं रोझाकडे पुन्हा निरखून पाहिलं. कारण? नऊ घरांत ‘कळवतो’ म्हटलं होतं, कोणी कोट धरला नव्हता.

“रंग… जरा सावळा आहे,” तो पुटपुटला.

सचिवानं जातीचा तक्ता उघडून मोठ्यानं वाचलं: “सफोक. तोंड काळंभोर असावं. उजळ तोंडाची मेंढी बाद.”

“मग नाक,” श्यामकांत म्हणाला.

“नाकाचं काय?”

नाकाचं काही नव्हतं. समितीनं तिथंच बैठक घेतली. पहिलं बक्षीस रोझाला मिळालं. पंचांना विनाकारण नापसंतीच्या आरोपाखाली पदावरून उतरवून ‘शिकाऊ पंच’ करण्यात आलं. कलम अठराप्रमाणे शिकाऊ पंचानं एक हिवाळा जातीच्या सहवासात काढायचा होता.

ओबरमायरनं प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “खोली तुमचीच, हेर खांबेटे. फक्त तिघींनाही जागा करा.”

एक नोव्हेंबरला तिन्ही डचेस आल्या. खोली शेगडीपेक्षा त्यांनीच जास्त ऊबदार झाली. पहिली डचेस प्रबंधाचं दुसरं प्रकरण खाऊन गेली. मार्गदर्शकांच्या मते ते तसंही कच्चंच होतं. सोबत कलम बावीसचा छापील फॉर्म आला होता, रोझासाठी: बक्षीस मिळालं तरी नापसंतीचं लेखी कारण द्यायचं राहिलंच होतं. नाव, पाहिल्याची तारीख, नापसंतीचं कारण, सही. श्यामकांत तो भरायला बसला. समोर तीन काळी तोंडं, सहा डोळे, अगदी शांत. का कोण जाणे, त्याला नववी मुलगी आठवली. लतिका. तिलाही असंच चालवलं होतं, गायला लावलं होतं. ‘कळवतो’ म्हटल्याला सव्वादोन वर्षं होऊन गेली होती.

त्यानं दुसरा कोरा फॉर्म घेतला. नाव: लतिका. कारण: नाही. काकूच्या जिभेमागे लपलो होतो. माफी असावी. सही केली आणि दोन प्रतींत पुण्याला पाठवला.

बरोबर चौदाव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर सुरेख होतं.

“फॉर्म पोचला. अपील करायचं नाही. आपली उंची, आजोळ आणि चालतानाचा एक फोटो पाठवावा. गाता येत असल्यास तसं लिहावं. बघून आम्ही कळवतो.”

फोटो त्याच दिवशी टपालात पडला. पुढे श्यामकांत चालतोय, मागे तिन्ही डचेस. तिकडून अजून काही कळलेलं नाही. त्याचा प्रबंध पुरा झाला, पण पोस्टमन दिसला की तो अजूनही कोट नीट करतो.

वाचकहो, हसू नका. तो फॉर्म गार्चिंगच्या मंडळात मागेल त्याला मिळतो. मागवताना आपल्या घराला किती प्रती लागतील, तेवढं मात्र घरातल्या काकूला विचारून, नीट मोजून कळवा.