निःपक्षपाती माणूस पाहिजे

ज्या देशात सगळं शिस्तीत चालतं, तिथे तक्रार ही चीज मुळातच नसते. असते ती फक्त चुकीच्या फॉर्मवर भरलेली माहिती. सैनिकांची अशी बरीच माहिती साचल्यावर ती तपासायला एक स्वतंत्र मंडळ स्थापन झालं. मंडळाला इमारत मिळाली, शिक्का मिळाला, सायकली लावायला छत मिळालं. अध्यक्ष तेवढा राहिला. तो शोधायचं काम कार्ल्सरूहे या जर्मन शहरातल्या एका कंपनीकडे आलं. मोठ्या पदांना माणसं शोधून देणं हाच तिचा धंदा. कंपनीने ते ऊर्मिला कर्णिककडे सोपवलं, कारण ती हाफ-डे होती, आणि हाफ-डेवाल्यांना काम कमी असतं असा कंपनीचा (आणि हाफ-डे कधीही न केलेल्या सर्वांचा) समज होता.

अटी साध्या होत्या. उमेदवाराला लष्कराचा किमान वीस वर्षांचा अनुभव हवा. उमेदवाराचा लष्कराशी कधीही, कसलाही संबंध आलेला नसावा. (अटी दोन वेगवेगळ्या उपसमित्यांनी केल्या होत्या आणि दोन्ही एकमताने मंजूर झाल्या होत्या.) मन हळवं हवं, पण ते दिसता कामा नये. ऊर्मिलाने हे व्हिडिओ कॉलवर सांगलीला वडिलांना सांगितलं, तर राजाभाऊंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नात्यागोत्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवलेली.

“मुलगा एकुलता हवा, पण आईच्या मुठीतला नको. असंच असतं गं. जमतं.”

अर्ज आले २१४. शहाण्णव जण सैन्यात राहिलेले, म्हणजे स्वतंत्र नव्हेत. सत्त्याण्णव न राहिलेले, म्हणजे अनभिज्ञ. वीस जणांची सही राहिली होती. उरलेल्या एकाने स्वतःच अर्ज मागे घेतला. मंडळाच्या निवड समितीच्या मते सर्वांत योग्य तोच होता. शेवटी समितीने मन मोठं करून तिघांना ‘अटी अंशतःच मोडणारे’ म्हणून पुन्हा आत घेतलं.

मध्येच एक घोटाळा झाला. जाहिरातीखाली ऊर्मिलाचा नंबर होता, आणि मंडळाच्या अख्ख्या कारभारात माणूस फोन उचलतो असा तो एकच नंबर. तो फ्राऊ क्लेमला सापडला. क्लेम उत्तरेकडच्या एका छावणीत भटारखाना सांभाळणारी सैनिक. मुलगा सहा वर्षांचा, सहाशे किलोमीटर दक्षिणेला आजीकडे. बदलीचा अर्ज चार वेळा नाकारलेला, आणि सप्टेंबरात पोरगं पहिलीत जाणार. इथे त्या दिवशी आया पोरांच्या हातात खाऊने भरलेला मोठा कागदी शंकू देतात, शुलट्यूटे म्हणतात त्याला. क्लेमने तो भटारखान्यातच बसून चिकटवला होता, डायनोसॉरचा. अध्यक्ष वेळेत आला आणि त्याने फाइल उघडली तर बदली. नाहीतर शंकू टपालाने.

ती हे सांगता सांगता रडायला लागली तेव्हा ऊर्मिला चार वर्षांच्या लेकीला, उर्जाला, वरणभात भरवत होती, फोन स्पीकरवर. उर्जाने घास गालात धरून विचारलं, “हाट झी आउआ?” मावशीला बाऊ झालाय का, एवढंच.

“थोडासा,” ऊर्मिला म्हणाली. “गिळ आधी.”

दुसऱ्या दिवशी तिचे साहेब, हेर ब्राइट्लिंग, यांनी तिला समजावलं की आपण तक्रारी ऐकणारा शोधतो, तक्रारी ऐकत नाही. गेनाऊ, अगदी बरोबर, ऊर्मिला म्हणाली. आणि उर्जा दुपारी झोपते त्या पाऊण तासात तिने एक युक्ती केली. मुलाखतीत उमेदवारांना नमुन्यादाखल एक तक्रार वाचायला द्यायची होती. तिने क्लेमचीच दिली, फाइल क्रमांकासकट. येणाऱ्या साहेबांच्या कानावर आधीच पडलेलं बरं. सांगलीत कामं अशीच होतात: आधी कानावर घालायचं, मग अर्ज.

पहिल्या उमेदवार बाईंनी विचारलं, मग त्या मुलाचं काय झालं? समितीने लिहिलं: भावनिक गुंतवणूक. दुसऱ्याने विचारलं, चार वेळा नाकारलं कुणी? समितीने लिहिलं: पूर्वग्रह. तिसरे डॉ. ओटरबाख. त्यांनी तक्रार वाचली, समासाची रुंदी वाखाणली आणि पार्किंगची चौकशी केली. निवड एकमताने झाली.

डॉ. ओटरबाख खरोखरच निःपक्षपाती निघाले. रुजू झाल्या दिवशी पहिली फाइल क्लेमची आली, ती त्यांनी हातही न लावता परत पाठवली. ही तक्रार आपण मुलाखतीत वाचलेली आहे, तेव्हा आपलं मन आता कोरं नाही, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात नोंदवलं. नियमानुसार अशी फाइल उपाध्यक्षांकडे जाते. उपाध्यक्षपद रिकामं होतं.

ऊर्मिलाने हे क्लेमला फोनवर सांगितलं. मागे पातेली घासल्याचा आवाज येत होता.

“चूक माझी आहे,” ऊर्मिला म्हणाली. “मी ती तिथे घालायला नको होती.”

“आल्झो, बरं तर,” क्लेम म्हणाली, “नंबर तेवढा बदलू नका.”

शंकू टपालाने गेला. डायनोसॉरची शेपटी वाटेत दुमडली, पण आजीने ती इस्त्रीने सरळ केली म्हणे.

उपाध्यक्षपदाची जाहिरात आता ऊर्मिलाकडेच आहे. अट एकच वाढली आहे: उमेदवाराने क्लेम प्रकरण कुठेही ऐकलेलं वा वाचलेलं नसावं. म्हणजे, वाचकहो, तुम्हीही बाद. या बाबतीत आता तुमच्याकडून कुणी, कधीही, कसलीही अपेक्षा ठेवणार नाही.

हे वाचून क्षणभर हायसं वाटलं असेल, तर मात्र जरूर कळवा. तुमच्यासाठी अट शिथिल करता येईल.