साखरपुड्याचं वायफाय

धाराशिवात वायफाय बसवणारे बरेच आहेत, पण बसवलेलं चालतंही, असं छातीठोकपणे सांगणारा मी एकटाच. म्हणूनच तर महालिंगप्पांनी तेर रस्त्यावरच्या त्यांच्या नव्या मंगल कार्यालयाचं काम मला दिलं. चहा संपायच्या आत सगळं चालू करून देतो, असं मी सांगून टाकलं. त्यांनी लगेच चहा मागवला, आणि तिथंच मी फसलो.

कार्यालयाची सुरुवात घरच्याच कार्यानं होणार होती. महालिंगप्पांची मुलगी शिवप्रिया हिचा साखरपुडा होता आणि मुहूर्त दुपारचा. तिचा भाऊ श्रीनाथ जर्मनीत नोकरीला. त्याला सुटी मिळाली नव्हती, म्हणून तो तिथूनच मोबाइलवर बहिणीचा साखरपुडा बघणार होता. हॉलच्या पत्र्याखाली मोबाइलला रेंज अजिबात नाही. ऑफिसच्या खिडकीशी फोन धरला तर जेमतेम बोलता यायचं. म्हणजे भावाला बहीण दिसणार की नाही, हे माझ्या हातात होतं.

काम तसं सरळ असतं. छताला वायफायचे पांढरे डबे लावायचे आणि ऑफिसात त्या सगळ्यांचा मुकादम, म्हणजे कंट्रोलर ठेवायचा. डबा चालू झाला की मुकादमाकडं हजेरी लावतो आणि कामाला लागतो. त्या दिवशी डबे नुसते लुकलुकत बसले. लॅपटॉपवर एखाद्याचं नाव यायचं, मी खूश होऊन हॉलमध्ये बघायला जायचो आणि परत येतो तर नाव गायब. मग डब्यांना वीज देणाऱ्या पेटीचा प्लग मी काढायचो आणि पुन्हा घालायचो. पुन्हा तेच.

यंत्र बिघडलं की मला आधी माणसाचा संशय येतो. वायर काही आपणहून निघत नाही. पहिला संशय आचारी धोंडीबावर आला. त्याच्या मिक्सरमुळं गडबड होत असणार म्हणून मी तो बंद करायला लावला. चटणी अर्धवट वाटलेली राहिली, धोंडीबाचा चेहरा वाटून झाल्यासारखा झाला, आणि डबे होते तसेच लुकलुकत राहिले.

मग माझं लक्ष वीरप्पांकडं गेलं. हे नवऱ्या मुलाचे मामा, ईट गावाहून आलेल्या पाहुण्यांतले. ते सारखे ऑफिसच्या दारात यायचे, मला बघायचे, "काय न्हाय, काय न्हाय" म्हणायचे आणि परत जायचे. काहीच नसलेला माणूस इतक्यांदा येत नाही. एकदा मी टेबलाखाली शिरून वायर तपासत होतो. वीरप्पा आत आले, टेबलाखालचे माझे पाय बघून थबकले. खिडकीशी जाऊन ते फोनवर हळू आवाजात म्हणाले, "अजून जमलं न्हाय. एक माणूस ठाण मांडून बसतोय. तो हलला की उरकून घेतो."

माझा संशय पक्का झाला. ते गेल्या गेल्या मी बाहेर पडलो, महालिंगप्पांना कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगितलं. खरं म्हणजे शंका त्यांच्याही मनात होती. पाहुण्यांनी एकाही पदार्थाला नाव न ठेवता जेवणाला होकार दिला होता, तेव्हापासून ते धास्तावलेले होते. आता त्यांची खात्रीच झाली.

"सोयरीक मोडायची असंल तर तोंडानं सांगा की," ते दात आवळून म्हणाले. "वायरी कशापायी तोडायलेत?"

त्यांनी दोन बंदोबस्त केले. एक म्हणजे चटणीवाचून मोकळा झालेला धोंडीबा वीरप्पांच्या पाळतीवर लावला. दुसरा, मला ऑफिसात बसवून बाहेरून कुलूप घातलं, म्हणजे कुणी आत येणारच नाही. मला ही व्यवस्था पटली. निवांतपणे प्लग काढता घालता येत होता. मध्ये मी डबे बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला. त्यावर संगीत वाजत राहिलं.

बाहेर काय चाललंय ते मला नंतर कळलं. नवऱ्या मुलाची आई गौराबाई सगळं बघत होत्या. आपल्या भावाच्या मागं झारा घेतलेला आचारी फिरतोय, भाऊ बाथरूमला गेला तरी तो दाराबाहेर उभा आहे, ऑफिसला कुलूप आहे आणि आतून सनईसारखं काहीतरी वाजतंय. त्यात शिवप्रिया अजून कुणाला दिसली नव्हती. ती बिचारी वरच्या खोलीत केस करून घेत होती, पण पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, की पोरीला ही सोयरीक मान्य नसावी, कोंडून ठेवलंय तिला.

गौराबाई उठल्या आणि सरळ महालिंगप्पांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "अण्णा," त्या म्हणाल्या, "त्या खोलीत काय हाय ते आधी दाखवा. अंगठीचं मागून बघू."

महालिंगप्पांनाही आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन्हीकडची माणसं दारापाशी जमली. कुलूप निघालं. आत टेबलाखालून मी बाहेर येत होतो.

कुणी काही बोलायच्या आत वीरप्पा गर्दीतून पुढं झाले. ऑफिसातला छोटा फ्रीज त्यांनी उघडला आणि आतून एक डबी काढली.

"शुगर हाय मला," ते खाली बघत म्हणाले. "जेवायच्या आधी हे इंजेक्शन घ्यावं लागतंय. चांगल्या दिवशी पाव्हण्यांपुढं दुखणं कशाला काढायचं, म्हणून कुणी नसताना येत होतो. बायको तिकडनं फोनवर फोन करायली, घेतलं का घेतलं का."

महालिंगप्पांनी स्वतः खुर्ची पुढं केली, पाण्याचा तांब्या दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मग वायरी कोण तोडायलंय?"

तेवढ्यात खिडकीतलं संगीत थांबलं आणि कंपनीच्या बाई बोलू लागल्या. मी अडचण सांगितली. त्यांनी डब्यांचा नंबर विचारला आणि शांतपणे समजावलं.

"सर, तुमचा कंट्रोलर नवा आहे आणि डबे जुन्या मालातले. डबा जोडला गेला की आधी नवं सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि मग स्वतःच बंद होऊन चालू होतो. त्यामुळे नाव थोडा वेळ यादीतून जातं. मध्येच वीज गेली तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिकडं कुणी सारखी वीज बंद करतंय का?"

सगळ्या खोलीनं माझ्या हाताकडं बघितलं. हातात प्लग होता.

"करत असेल," मी म्हणालो.

"मग त्यांना थोडा वेळ लांब बसवा," बाई म्हणाल्या.

पहिल्यांदा गौराबाई हसल्या. मग महालिंगप्पा, मग सगळेच. प्लग माझ्या हातातून वीरप्पांनी घेतला आणि आपल्या हातानं लावला. तेवढ्यात शिवप्रिया वरून उतरली, आणि कोंडलेली पोर नटूनथटून समोर आल्यावर पाहुण्यांची उरलीसुरली शंकाही गेली. डब्यांना कुणी हात लावला नाही, तसे ते एकामागून एक जोडले गेले.

मुहूर्ताला श्रीनाथ मोबाइलच्या पडद्यावर आला. चित्र इतकं स्वच्छ की त्याचे भरलेले डोळेही दिसले. बहिणीला आशीर्वाद देऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "अप्पा, मागं दोघांच्या मधे दाबून बसवलेला तो माणूस कोण हाय?"

महालिंगप्पांनी वळून माझ्याकडं, माझे दोन्ही हात धरून बसलेल्या वीरप्पांकडं आणि धोंडीबाकडं बघितलं.

"त्यो व्हय? वायफायवाला हाय," ते म्हणाले. "त्याला हलू दिऊ नका म्हणून कंपनीनंच सांगितलंय."