कापलेल्या आवाजाची विल्हेवाट

एकहार्ट ल्यूडेके यांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस रविवार होता. बर्लिनमध्ये रविवारी कुणी आवाज करायचा नसतो, त्यामुळे तो दिवस नियमानेच साधा होता. दुपारी चारला कॉफी झाली, आलुबुखाराचा केक झाला आणि मग त्यांच्या मुलीने, वीब्केने, आपल्या संगीताची नवी तबकडी हळू आवाजात लावली.

तबकडीच्या वेष्टनावर छापलं होतं : ‘यातला प्रत्येक सूर माझ्या वडिलांनी हाताने बनवलेल्या फिल्टरमधून गेला आहे.’ हे वाक्य खोटं होतं. फिल्टर मात्र खरा होता. रेडिओ कारखान्यातून निवृत्त झाल्यावर चौदा महिने डोळे फोडून एकहार्टनी तो मुलीसाठी जोडला होता. बुटांच्या खोक्याएवढा लोखंडी डबा. एका बाजूने सूर काढणाऱ्या विजेच्या यंत्राचा कर्कश आवाज आत सोडायचा, नॉब फिरवला की वरचा चिरका भाग कापला जायचा आणि दुसरीकडून भरदार, ऊबदार आवाज निघायचा. पण डबा तापायला वीस मिनिटं लागत, आणि आज लागलेला आवाज उद्या तसाच लागेल याची हमी नसे. वीब्केला घाई होती. लॅपटॉपमध्ये अशा फिल्टरची नक्कल होती. तिने ती वापरली, आणि डब्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

“नॉब कुठे ठेवला होतास गं?” एकहार्टनी विचारलं.

“मधोमध, पप्पा.”

“मधोमध! भित्री कुठली. शेवटपर्यंत ढकलायचास की. डबा काय चावतो?”

सोमवारी सकाळी पाव आणायला निघालेले एकहार्ट जिन्यातच गेले.

अंत्यविधीनंतर वीब्केने ठरवलं, की एकदा तरी डबा तापवायचा आणि जे छापलंय ते खरं करायचं. त्याआधी पत्र आलं. अर्ध्या ओळीत दुःख व्यक्त करून ‘दिवंगत निर्मात्यांच्या घरगुती विद्युत उपकरणांचा विभाग’ पुढे तीन पानं लिहीत होता. निर्माता मरण पावल्याने उपकरण अनाथ झाले आहे. त्याचे अस्तित्व तबकडीच्या वेष्टनावरून कार्यालयास समजले. चौदा दिवसांत वर्गवारी करून घ्यावी, अन्यथा ते भंगारात जमा होईल.

विभागातले ग्रोटयान साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

“हे उपकरण काय तयार करतं?”

“काहीच नाही. ते कापतं.”

“काय कापतं?”

“आवाजाचा वरचा भाग.”

“आणि कापलेला भाग कुठे टाकता?”

“कुठे म्हणजे? कुठेच नाही.”

ग्रोटयान साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ल्यूडेकेबाई, कचऱ्यासाठी या शहरात पिवळा डबा आहे, निळा आहे, तपकिरी आहे. ‘कुठेच नाही’ हा डबा माझ्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेला नाही.”

“अहो, तो आवाज आहे. बटाट्याची सालं नव्हेत.”

“सालांचा प्रश्न कधीच सुटलाय. ती तपकिरी डब्यात.”

प्रकरण कचरा वर्गीकरण शाखेकडे गेलं. तिथल्या तज्ज्ञाने दोन दिवस वीब्केच्या खोलीत मायक्रोफोन लावून कापलेल्या आवाजाचा शोध घेतला. तो सापडला नाही. अहवालात निष्कर्ष आला : ज्याअर्थी तो सापडत नाही, त्याअर्थी तो बेकायदा टाकण्यात आला आहे. तबकडी एक्केचाळीस मिनिटांची, म्हणजे एक्केचाळीस मिनिटांचा चिरका आवाज बेपत्ता. वारस या नात्याने जबाबदारी मुलीची.

खरं सांगितलं असतं, तर आरोप जागीच कोसळला असता. जो आवाज डब्यात गेलाच नाही, तो कापला कसा जाणार? पण वीब्के गप्प राहिली. तिच्या मौनाची कार्यालयाने सहकार्य म्हणून नोंद घेतली.

“एक वाट आहे,” ग्रोटयान साहेब आवाज खाली आणून म्हणाले. “डबा सांस्कृतिक ठेवा ठरवून घ्या. कलेसाठी झालेला कचरा कचरा नसतो. हे सगळं शहर त्याच तत्त्वावर उभं आहे.”

तीन जाणकारांची समिती बसली. तिघांनी डोळे मिटून तबकडी ऐकली. पहिल्याला भरून आलं. दुसरी म्हणाली, “नक्कल कधी असा श्वास घेत नाही.” तिसरा म्हणाला, “हे लॅपटॉपमधून आलेलं असतं, तर मला पहिल्या ठोक्यालाच मळमळलं असतं.” निर्णय एकमताने झाला. डबा काचेच्या कपाटात ठेवला जाईल. तापवल्याने ठेवा झिजतो, म्हणून तो यापुढे कधीही सुरू केला जाणार नाही. फक्त वापर झाल्याचं वीब्केने तोंडी कबूल करायचं होतं.

“आणि मी ‘नाही’ म्हटलं तर?”

“मग तो एक न वापरलेला लोखंडी डबा,” ग्रोटयान साहेब म्हणाले. “भंगाराची गाडी साडेतीनला येते. पण तुम्ही ‘नाही’ कशाला म्हणाल?” आणि जरा लाजत त्यांनी बॅगेतून स्वतःची तबकडी काढली. सही हवी होती. समितीतल्या तिघांकडेही ती होती. तुमच्या-माझ्यासारख्या कान असलेल्या बऱ्याच माणसांनी ती घेतली होती, आणि ‘ऊब कशी ऐकू येते बघा,’ असं चारचौघांत सांगितलं होतं.

टेबलावर डबा होता. वीब्केने त्याच्या थंड झाकणावर हात ठेवला. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“म्हणा, बाई. नुसतं ‘हो’.”

“पप्पा,” वीब्के म्हणाली, “तुझा डबा मी एकदाही लावला नाही. वीस मिनिटं थांबायचा मला कंटाळा आला. तुझ्या तोंडावर खोटं बोलले. इथे एकालाही कळलं नाही. बाहेरही कुणाला कळलं नाही. तुला पहिल्या ठोक्यालाच कळलं असणार, आणि तू माझी लाज राखलीस.”