वधूच्या गाडीला पडलेला पोचा

"माणूस कुठल्या जिल्ह्याचा हे मला त्याच्या तोंडावरून कळत नाही. त्याला फक्त गाडी मागे घ्यायला सांगा, लगेच सांगतो. हॉर्न ऐकला की त्याच्या आईचं माहेर सांगतो. रस्त्यावर ब्रेकची खूण दिसली, तर त्याचा संसार सुखाचा आहे की नाही तेसुद्धा सांगतो. अशी नजर असलेला माणूस या डोंगराच्या अलीकडे एकच आहे. पलीकडे एकही नाही."

एवढं बोलून पोम्पिलियु ड्रागुश थांबला, आणि तो 'एकच' कोण हे समोरच्याच्या लक्षात यावं म्हणून त्याने टोपी काढली.

त्याच्यामागे उभा असलेला त्याचा मेहुणा इलारी जांभई दाबत होता. टोपी कुठल्या वाक्याला निघते हे त्याला पाठ होतं. पोम्पिलियुने उभा जन्म सिबियू शहरात लोकांना गाडी शिकवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर तो आपण होऊन डिटेक्टिव्ह झाला. कुणी नेमला नव्हता, त्यामुळे कुणाला काढताही येत नव्हता. शिकवताना तो कायम शेजारच्या सीटवर बसलेला. आताही तिथेच बसायचा. गाडी इलारी चालवायचा आणि पोम्पिलियु प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबायचा. त्या पायाखालच्या रबरी चटईला भोक पडलं होतं.

आज हे भाषण ऐकणारा होता वालेनी गावचा ओनिसिम बर्सान. मेंढ्या पाळायचा, चीज करायचा. आज त्याच्या लेकीचं लग्न. अंगात कशिदा काढलेला पांढराशुभ्र सदरा आणि चेहरा मात्र मयताला निघाल्यासारखा.

"मास्तर, डोंगराच्या अलीकडचं पलीकडचं नंतर," तो म्हणाला. "आधी हे बघा."

अंगणात त्याची जुनी लाल दाचिया मोटार उभी होती. गेला आठवडाभर तो रोज मेण लावून ती घासत होता. इलारीला तिच्यात स्वतःच्या नाकातले केससुद्धा दिसले. आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला, गुडघ्याच्या जरा वर, कुणीतरी पातेलं दाबून बसवावं तसा गोल, खोल पोचा.

"याच गाडीतून स्मरांदाला चर्चला न्यायचं होतं. तिची आईही यातूनच आली होती," ओनिसिम म्हणाला. त्याचा आवाज जरा घोगरा झाला आणि मग एकदम चढला. "काल संध्याकाळी बुखारेस्टचं वऱ्हाड आलं. सकाळी हा पोचा! आता मी काय समजायचं?"

"काय समजायचं ते समजा!" ओसरीवरून दुसरा आवाज आला. हे नवऱ्या मुलाचे वडील, व्हिर्जिल. बुखारेस्टचे जुने टॅक्सीवाले, घेर पिंपाएवढा, आणि कुजबुजले तरी चौकापर्यंत ऐकू जाईल असा गळा. "मास्तर, न्याहारीच्या टेबलावर हे व्याही मला काय म्हणाले विचारा. म्हणे, बुखारेस्टवाले गाडी चालवत नाहीत, भांडण चालवतात!"

"आणि तुम्ही काय म्हणालात?" ओनिसिम म्हणाला. "सांगा की! म्हणे, आमच्याकडे हिरवा दिवा लागला की लोक आधी एकमेकांची खुशाली विचारतात!"

"विचारतातच! मी काल त्यात अडकलोय!"

"हे असं सकाळपासून चाललंय," इलारीच्या कानाशी कुणीतरी म्हणालं. ती स्मरांदा होती, वधू. अंगावर पांढरा पोशाख, पायात खेळायचे बूट. "दोघंही म्हणतायत, माफी मिळाल्याशिवाय चर्चला पाऊल टाकणार नाही. काका, तुमचे दाजी खरंच शोधून काढतात का हो?"

इलारीने क्षणभर विचार केला. "शोधतात," तो म्हणाला. "काढतात की नाही ते माहीत नाही."

तोवर पोम्पिलियु दारापाशी उकिडवा बसला होता. पोच्याच्या कडेला अडकलेला लोकरीचा एक पुंजका त्याने चिमटीत धरून उन्हात उंच केला.

"इलारी! गुन्हेगार लोकरीचा स्वेटर घालतो."

इलारीने आजूबाजूला पाहिलं. त्या गावात लहान मुलापासून पाद्र्यापर्यंत सगळेच लोकरीचे स्वेटर घालत. "दाजी, हे गाव मेंढ्यांचं आहे—"

"विषयांतर नको. वऱ्हाडाच्या गाड्या कुठल्या कुठल्या जिल्ह्याच्या आहेत?"

नंबरच्या पाट्यांवर जिल्ह्यांची अक्षरं होतीच. एक गाडी क्रायोवाची. पोम्पिलियुच्या डोळ्यांत चमक आली.

"झालं! क्रायोवाकडचा माणूस उभ्या गाडीलाही ओव्हरटेक करतो. बोलवा त्याला."

बोलवायची गरज नव्हती. ती गाडी नवऱ्या मुलाच्या मितिका मामांची. मामा काल फाटकातून इतक्या जोरात आत आले होते की गाडी थेट गवताची गंजी आणि गोठ्याची भिंत यांच्यामध्ये जाऊन बुचासारखी बसली होती. दोन्हीकडची दारं उघडत नव्हती. मामा खिडकीतून बाहेर आले होते आणि आता गाडीत राहिलेली सिगारेट घ्यायला खिडकीतून आत चालले होते. बाहेर नुसते पाय दिसत होते.

"काल संध्याकाळपासून ही गाडी हलली आहे का?" पोम्पिलियुने पायांना विचारलं.

"मास्तर, ही हलवायला बैल लागतील!" आतून उत्तर आलं. "पण काय वेळेत पोचलो! सगळ्यांच्या आधी!"

पोम्पिलियु खचला नाही. दुसरी पाटी याश शहराची होती. पण नुसती पाटीच, गाडी नव्हतीच. नवऱ्या मुलाच्या आग्लाया मावशी ती पाटी काखेत धरून गावात आल्या होत्या. गाडी घाटात बंद पडली, आणि कुणी चोरलीच तर निदान नंबर तरी आपल्याकडे राहावा म्हणून त्यांनी पाटी काढून घेतली होती.

"तुमच्याकडचे लोक चर्च दिसलं की स्टिअरिंग सोडून क्रूस करतात," पोम्पिलियु म्हणाला. "खरं की खोटं?"

"खरं. दोन्ही हात सोडून."

"आणि गाडी?"

"मी सोडते तेव्हा देव धरतो," मावशी शांतपणे म्हणाल्या. "काल घाटात एकामागून एक चर्चं आली. त्याचेही हात दुखले असतील."

मावशी घाटातून चीजच्या बैलगाडीत बसून आल्या होत्या आणि बैलगाडीने असा पोचा पडत नाही. त्यांनी पोम्पिलियुच्या हातात गरम सारमाल्यांची ताटली ठेवली. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा तोंडात असताना माणसाला कुणावर आरोप करता येत नाहीत, हे मावशींना ठाऊक असावं.

"मग गावातलाच कुणी असेल का, दाजी?" इलारीने विचारलं.

"अशक्य. आपल्याकडचा माणूस धडकायला निघाला तरी वाटेत तीनदा विचार बदलतो. एवढा खोल पोचा पाडायला त्याला अख्खा पावसाळा लागेल."

"हे मात्र खरं बोललात," ओनिसिम म्हणाला. हे कौतुक आहे की अपमान, हे त्याला जरा उशिराच कळलं आणि तो पुन्हा काळवंडला.

आता राहिले व्हिर्जिल. पोम्पिलियुने सगळ्यांना अंगणात गोळा केलं. पाहुणे हातात प्लमच्या दारूचे पेले घेऊन उभे राहिले. नवरा मुलगा ओक्ताव नुकताच वडिलांची काळी गाडी धुऊन, पुसून, चकचकीत करून तिच्या टपावर फुलं बांधत होता. तोही हात पुसत आला. स्मरांदाने त्याचा हात धरला. इलारीने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, दाजींना आता इथून हलवलं पाहिजे, काहीही करून.

"दाजी, पुरावा नाही—"

"पुरावा नसणं हाच पुरावा!" पोम्पिलियुने टोपी काढली. "मंडळी, बुखारेस्टचा माणूस हॉर्न वाजवल्याशिवाय कूससुद्धा बदलत नाही. काल रात्री कुणी हॉर्न ऐकला?"

कुणीही ऐकला नव्हता.

"म्हणजे हे नव्हते," इलारी घाईने म्हणाला.

"म्हणजे हेच होते! पण काल त्यांनी हॉर्न वाजवला नाही, कारण त्यांना लपवायचं होतं! दिवे बंद, आवाज बंद, गाडी हळूच मागे घेतली, आणि धाडकन पुढे! व्हिर्जिलसाहेब, लोकरीचा स्वेटर कुठाय?"

अंगणात कुणी पेला ओठांपर्यंत नेला नाही. व्हिर्जिल लाल झाले, मग पांढरे पडले. आणि पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"मी आयुष्यभर त्या शहरात टॅक्सी चालवली. लोकांच्या आयामायांचा उद्धार केला, माझाही झाला. पण कुणाची गाडी ठोकून मी पळालो नाही. ओक्ताव, गाडीत बस. आपण निघालो."

"बाबा!" ओक्ताव म्हणाला.

"बस म्हणतो ना!"

स्मरांदाने नवऱ्या मुलाचा हात सोडला नाही. "बाबा, तुम्ही काहीतरी बोला!" ती ओनिसिमला म्हणाली. ओनिसिमचा ओठ हलला. पण इकडचा माणूस माफी मागायलाही वेळ घेतो, आणि त्याने तो घेतला.

तेवढ्यात गोठ्यामागून ओनिसिमचा मोठा एडका निघाला. पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी गोठ्याचं फाटक कालपासून उघडंच टाकलं होतं. रमतगमत तो काळ्या गाडीपाशी आला आणि थबकला. चकचकीत दारातून एक काळाकभिन्न, वाकड्या शिंगांचा एडका त्याच्याकडे रोखून बघत होता. ह्याने मान खाली घातली. त्यानेही घातली. हा उद्धटपणा कुठल्याही एडक्याला सहन होण्यासारखा नव्हता. तो सावकाश चार पावलं मागे सरला.

"अरे... अरे!" इलारी ओरडला.

धाड!

गाडीवरची फुलं अंगणभर उधळली. एडका मागे सरला आणि डोकं झाडून समाधानाने निघून गेला. काळ्या दाराला, गुडघ्याच्या जरा वर, गोल, खोल पोचा पडला होता. कडेला लोकरीचा पुंजका.

व्हिर्जिल आपल्या गाडीपाशी गेले, पोच्यावरून हात फिरवला, आणि वळून म्हणाले,

"व्याही, याने हॉर्न दिला नाही. तुमच्याकडचाच आहे."

आधी मितिका मामांच्या खिडकीतून हसू फुटलं, मग सगळ्या अंगणातून. ओनिसिम हसता हसता खाली बसला आणि डोळे पुसत व्हिर्जिलच्या गळ्यात पडला. "माफ करा, व्याही! मी ती एवढी घासली नसती तर..."

"मी सांगितलंच होतं," पोम्पिलियु टोपी घालत म्हणाला. "गुन्हेगार मागे सरकला आणि धाडकन पुढे आला. लोकरीचा स्वेटरही बरोबर निघाला. बारकावे तेवढे राहिले होते."

इलारीने त्याला हळूच गाडीत नेऊन बसवलं.

वरात निघाली. पुढे पोचा पडलेली लाल गाडी, शेजारच्या गल्लीतून पोचा पडलेली काळी गाडी, मागे सगळं वऱ्हाड. चर्चच्या अलीकडे ओढ्यावर एकाच गाडीपुरता पूल. दोन्ही गाड्या पुलाच्या तोंडाशी एकदमच पोचल्या आणि थांबल्या.

इलारीने पाहिलं, पुढे काहीच हलत नव्हतं.

"जा, बघ," पोम्पिलियु म्हणाला. "बहुधा घातपात."

इलारी चालत पुढे गेला. ओनिसिमने काच खाली केली होती आणि अदबीने हात पुढे करून तो म्हणत होता, "आधी तुम्ही, व्याही." आणि पलीकडून व्हिर्जिल, आयुष्यात पहिल्यांदाच हॉर्नवर हात न ठेवता, म्हणत होते, "छे, छे! वधूची गाडी. आधी तुम्ही."

"असं कसं? पाहुणे तुम्ही."

"अहो, गाव तुमचं."

पुलाच्या पलीकडे चर्चच्या पायरीवर पाद्रीबुवा घड्याळ बघत होते. मागे वऱ्हाड ताटकळत होतं. मितिका मामा आता मागच्या कुणाच्या तरी गाडीत होते आणि ड्रायव्हरला ओढ्यातून गाडी घालायला सांगत होते. इथले लोक मात्र बाहेर उतरून एकमेकांची खुशाली विचारू लागले होते.

मागच्या सीटवरून स्मरांदा उठली. पोशाखाचा घोळ सावरत ती पुढे वाकली, बापाच्या खांद्यावरून हात घातला आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला.

तो आवाज दरीत घुमला. मेंढ्या चमकल्या, पाद्रीबुवा दचकले, आणि व्हिर्जिलने टाळ्या वाजवल्या. स्मरांदाने हात उचलला नाही. "चला ना आता!" ती ओरडली. "हला की लवकर!"

ओनिसिमने आरशात लेकीकडे पाहिलं. मग खिडकीशी उभ्या असलेल्या इलारीकडे.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "कालपर्यंत माझी होती."

त्याने नाक पुसलं, गिअर टाकला, आणि कुणालाही वाट न देता पूल ओलांडला.